पेशंटच्या नातेवाइकांसाठी फेलूदा

मा. संपादक, स. न.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत ताण कमी करायचे उपाय आले होते, प्राणायाम, रोज चालणं, रात्री मोबाइल लांब ठेवणं वगैरे. सगळं बरोबरच आहे हो, पण ज्याचं माणूस आयसीयूत आहे त्याला चालायला जा सांगून काय उपयोग, आतून कधी हाक येईल नेम नाही म्हणून तो खुर्ची सोडत नाही. बाबांच्या बायपासच्या वेळी माझं तेच झालेलं आणि तेव्हा मला तारलं ते फेलूदाने.

फेलूदा म्हणजे सत्यजित राय यांचा डिटेक्टिव्ह. 1965 साली 'संदेश' या मुलांच्या मासिकात पहिली गोष्ट आली आणि पुढे राय शेवटपर्यंत लिहीत राहिले, पूर्ण झालेल्या गोष्टीच 35 आहेत. मराठीत अशोक जैनांच्या अनुवादाचा 12 पुस्तकांचा संच आहे, मी तोच नेलेला.

नातेवाईक म्हणायचे आधीच टेन्शन, त्यात चोऱ्या नि खून कसले वाचतेस. पण मला खुनी कोण याच्याशी तेव्हा फारसं देणंघेणं नव्हतंच! तीच माणसं परत भेटतायत एवढंच पाहिजे होतं. फेलूदाचा चुलतभाऊ तोपशे गोष्ट सांगणार, त्यांचा लेखक मित्र लालमोहनबाबू हिरव्या अँबेसिडरमधून येणार, आपल्या थरारक कादंबरीत काहीतरी अचाट ठोकून देणार, फेलूदा चूक काढणार, अडलं की सिद्धू जेठांकडे जायचं कारण त्यांच्याकडे जगातल्या सगळ्या बातम्यांची कात्रणं. सिस्टरने औषधं आणायला पाठवलं, परत येऊन पुस्तक उघडलं तरी कोण कोणाचा मेव्हणा हे आठवत बसावं लागत नाही. एक गंभीर कादंबरी पण नेली होती, पहिल्याच प्रकरणात अकरा पात्रं, ठेवून दिली. आणि डॉक्टर दिवसभर "बघू, अजून काही सांगता येणार नाही" म्हणत असताना कुठेतरी शंभर पानांत पक्कं उत्तर मिळतंय हेही बरं वाटायचं, उत्तर आधीच माहीत असलं तरी, कारण दोन पुस्तकं मी तिथेच बसून लगेच परत वाचली.

बाबा वॉर्डात आल्यावर त्यांनीही एक मागून घेतलं. ते बाबूराव अर्णाळकरांच्या काळातले, त्यांच्या झुंजार आणि काळा पहाड या नायकांवर वाढलेले (अर्णाळकरांच्या 1,092 रहस्यकथांची गिनेस बुकात नोंद आहे हे ते डॉक्टरांनाही सांगून आले), त्यामुळे बंगाली हेराला आधी नाकं मुरडली. मग वेरूळची गोष्ट हातात पडली, भुवनेश्वरच्या देवळातून चोरलेल्या यक्षीच्या मूर्तीच्या डोक्याचा माग काढत फेलूदा थेट कैलास लेण्यात येतो ती, आणि मग दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. तक्रार एकच, हा चारमिनार सिगरेटी फार ओढतो, याचीच अँजिओग्राफी करा.

आता मुद्द्याचं. हॉस्पिटलांच्या वेटिंग हॉलमध्ये टीव्ही असतो आणि त्यावर मोठ्या आवाजात ब्रेकिंग न्यूज, आधीच धडधडणाऱ्या माणसाला अजून काय पाहिजे. त्याऐवजी एक कपाट ठेवा ना रहस्यकथांच्या मालिकांचं, अर्णाळकर, गुरुनाथ नाईक, शिरवळकर, फेलूदा, काहीही चालेल, पण मालिकाच हवी, कारण एक संपलं की लगेच दुसरं हाताशी लागतं, रात्र मोठी असते. खर्च फार नाही, घरोघरी असे संच माळ्यावर पडलेत. चोरीला जातील म्हणाल तर जाऊ द्या, नेणाऱ्यालाही गरजच असणार. तुम्ही पेपरमधून आवाहन केलंत तर लोक नक्की देतील. मी माझा संच द्यायला तयार आहे, 11 पुस्तकं आत्ता घेऊन जा, वेरूळचं तेवढं बाबा सोडत नाहीयेत.

– एक वाचक, डोंबिवली