ते तिकीट माझंच होतं

आई-बाबा,

फोनवर हे बोलायला घेतलं की आई गप्प होते आणि बाबा लगेच "पैसे टाकू का?" विचारतात, म्हणून लिहूनच टाकते. आईला माझ्या जीन्सच्या खिशात धुवून लगदा झालेलं तिकीट सापडलं ना, ते माझंच होतं, मैत्रिणीचं वगैरे काही नाही. गेले सात-आठ महिने मी एसी स्लीपरने येतच नाहीये. लालपरीनेच येते. खोटं बोलले, चुकलंच. पण खरं सांगितलं असतं तर बाबांनी दर वेळी बुकिंग करून ठेवलं असतं, हेही तितकंच खरं.

आता हिशोब ऐका. एसटीत 2023 च्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट आहे. जानेवारी 2025 ला भाडं वाढलं तरी आपल्याला अर्धंच ना! प्रायव्हेटवाले दिवाळीत काय रेट लावतात ते बाबांनी स्वतः बघितलंय. उरलेले पैसे कशासाठी ते तुम्हाला माहितीये. पाटल्या सोडवल्याशिवाय मला चैन पडणार नाही, आणि त्यावर आता चर्चा नको.

आणि हाल वगैरे काही होत नाहीत हो. मागची सीट कधीच घेत नाही, हाडं खिळखिळी होतात. ड्रायव्हरच्या मागची दुसरी-तिसरी बघून बसते. खिडकीची काच आपोआप मागं सरकते, तिला रुमालाची घडी करून फटीत कोंबायची, की मोहोळपासून टेंभुर्णीपर्यंत मस्त झोप. ढाब्यावर गाडी थांबते तिथला वडापाव खात नाही, महाग आणि गार. आईची कडक भाकरी आणि शेंगाचटणी काढली की शेजारची बाई हमखास विचारते, "सोलापूरच्या का?" हडपसरला गाडीतळावरच उतरते, स्वारगेटपर्यंत जावंच लागत नाही.

भीमानगरचा पूल आला की मात्र अजून आपोआप जाग येते. बाबा, तुम्ही मला मांडीवर उभं करून "ती बघ उजनी" म्हणायचात, हातात चार आण्याचं नाणं द्यायचात, आणि एकदा ते पाण्यात न पडता खिडकीच्या खाचेतच अडकलं म्हणून मी इंदापूरपर्यंत रडले होते. परवा एक बारकं पोरगं तसंच हात बाहेर काढत होतं, त्याच्या आईनं एक धपाटा दिला.

बरं, अजून एक. पुढच्या महिन्यापासून पंधरा दिवसांनी येणार नाही, महिन्यातून एकदाच. रागावू नका. शनिवारी कामं मिळतायत, ती सोडवत नाहीत. पण आले की दोनाऐवजी तीन दिवस राहीन, तेव्हा आईला कंटाळा येईपर्यंत तिच्या मागं मागं फिरेन.

आता माझं ऐकायचं. बाबांनी पहाटे पाचला मला स्टँडवर सोडायला स्कूटर काढायची नाही. थंडीत, उपाशीपोटी, शुगर असताना? मी रिक्षा करीन, तेवढे पैसे आहेत माझ्याकडे. गोळीचा डबा आईने भरायचा, बाबांनी नाही, बाबा रविवारचीच बुधवारी खातात. आणि पायाला जरा जरी खरचटलं तरी त्याच दिवशी सांगायचं, मी आल्यावर दाखवायचं नाही.

आणि मी कमी येणार तर तुम्ही या ना. आजीला 75 पूर्ण झाली, तिला एसटी फुकट. बाबांना 65 च्या वर म्हणून अर्धं, आईला बाई म्हणून अर्धं. म्हणजे तिघं मिळून एका तिकिटात पुण्यात! आधार कार्ड तेवढं पर्समध्ये ठेवा, कपाटात नको, मागच्या वेळी पंढरपूरला जाताना काय झालं ते आठवतंय ना. खोली लहान आहे, पण गादी जास्तीची आणलीये आणि खालीच दूधवाला आहे. बाबांना बिनसाखरेचा चहा मी करीन, आईने स्वयंपाकघरात पाऊल ठेवायचं नाही.

आजीला खिडकी द्या. आणि तिच्या बटव्यात सुट्टे असू द्या, भीमेच्या पुलावर लागतील.

तुमची,
बबी