जुन्या जिप्सीचे टायर घाटातल्या ओल्या डांबरासाठी निवडावेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मृगाच्या तोंडावर आमच्या पाटण तालुक्यातील टायरच्या दुकानांपुढे जुन्या जिप्सी, बोलेरो आणि जीप उभ्या राहू लागतात. कोयनेच्या खोऱ्यातल्या कित्येक वाड्यांचा शेवटचा दोन-तीन किलोमीटरचा रस्ता आजही कच्चा आहे, आणि आजाऱ्याला दवाखान्यात नेण्यापासून खताची पोती चढवण्यापर्यंतची कामे पावसाळाभर याच गाड्यांच्या जिवावर चालतात. या गाड्यांना नवे ‘ऑल-टेरेन’, म्हणजे डांबर आणि कच्ची वाट दोन्हींवर चालणारे, टायर घेताना सर्रास होणारी एक चूक माझ्याही हातून झाली. ती इतरांकडून होऊ नये, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझी मारुती जिप्सी २००३ सालची आहे. पंधरा वर्षे झाल्यावर २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये तिच्या नोंदणीचे नूतनीकरण केले. दुसऱ्या खेपेस तपासणीच्या आधी टायर बदलायचे ठरवले. दुकानदाराने रबराच्या मोठमोठ्या गुट्ट्यांची खोल नक्षी असलेले, चिखलासाठीचे ‘मड’ टायर दाखवले, दरात सवलतही दिली, आणि चिखलाची वाट डोळ्यांपुढे असल्यामुळे मी ते आनंदाने घेतले. त्याच श्रावणात कुंभार्ली घाट उतरताना, नुकत्याच पडलेल्या सरीने भिजलेल्या एका वळणावर ब्रेक दाबला, तेव्हा पुढची चाके जागीच अडकली आणि स्टिअरिंग वळवलेले असतानाही गाडी सरळ जाऊन डोंगराच्या बाजूच्या चरात उतरली. गाडीत माझी सून आणि नातू होते. कोणाला खरचटलेही नाही, पण तेच वळण दरीच्या बाजूचे असते तर काय, हा विचार आजही झोप उडवतो.

दुसऱ्या दिवशी टायरची बाजू पुसून पाहिली, तेव्हा त्यावरील तारखेच्या खुणेत शेवटचे चार आकडे ‘१११७’ असे निघाले. पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे असतात. म्हणजे मी ‘नवे’ म्हणून घेतलेले टायर २०१७ च्या अकराव्या आठवड्यात तयार झालेले होते आणि सहा वर्षे कुठल्या तरी गोदामात पडून होते. नक्षी शाबूत होती. रबर मात्र इतके कडक झाले होते की नखाने दाबून दबत नव्हते. कायद्याने चारचाकीच्या टायरला किमान १.६ मिलिमीटर नक्षी लागते आणि ती मोजण्याची खूण टायरच्या खाचांमध्येच असते, परंतु रबराचे वय ती खूण सांगत नाही.

तथापि, सगळा दोष वयाचा नव्हता. निवडही चुकली होती. फोर-व्हील-ड्राइव्हमुळे गाडी चिखलातून निघते, चढ चढते. थांबण्याच्या कामी तिचा उपयोग नाही, कारण ब्रेक प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतातच. त्यात या जुन्या गाड्यांना चाके अडकू न देणारी एबीएस यंत्रणा नाही. त्यामुळे थांबण्याची सारी भिस्त टायर आणि डांबर यांच्या पकडीवर येते. मड टायरच्या मोठ्या गुट्ट्यांमुळे रस्त्याला प्रत्यक्ष टेकणारे रबर कमी होते, आणि गुट्ट्यांवर बारीक चिरा जवळजवळ नसतात. पाण्याचा पातळ थर कापून रबर डांबराला भिडवण्याचे काम याच चिरा करतात. चांगल्या ऑल-टेरेन टायरच्या प्रत्येक गुट्टीवर त्या दिसतात, म्हणून दुकानात सर्वांत आधी त्या पाहाव्यात. मी हिशेब मांडला, तेव्हा माझ्या गाडीच्या शंभर किलोमीटरपैकी जेमतेम दहा कच्च्या वाटेवर जातात आणि उरलेले नव्वद डांबरावर, असे दिसले. मी टायर निवडले होते ते त्या दहांसाठी.

त्या दहा किलोमीटरांतही माती कोणती, हे पाहावे लागते. आमच्याकडील सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट पठारांवर, आणि पुढे कोकणात जांभ्याची तांबडी माती असते. वरचा थर निसरडा झाला तरी खाली कठीण, खडेमिश्रित तळ लागतो, आणि तिथे ऑल-टेरेन टायर व्यवस्थित पकड घेतो. देशावरच्या काळ्या मातीची गोष्ट वेगळी आहे. ती गुट्ट्यांच्या फटींत लिंपून बसते आणि दहा-वीस चक्रांत कोणताही टायर गुळगुळीत गोळा होऊन जातो. तिथे मड टायरही फार काळ तग धरत नाही. हवा थोडी उतरवून, चाके न फिरकवता, लो गिअरमध्ये सावकाश निघणे हाच उपाय उरतो, आणि डांबरावर येताच हवा पुन्हा भरून घ्यावी लागते. सह्याद्रीतल्या काळ्या कातळाच्या धारदार दगडांनी टायरची बाजू चिरते, ही भीती मात्र रास्त आहे. त्यासाठी जाड बाजूंचे, हलक्या ट्रकसाठी बनवलेले ‘एलटी’ टायर सुचवले जातात. पोती भरून चालणाऱ्या बोलेरोला ते शोभतात. एक टनाच्या आसपास वजन असलेल्या जिप्सीखाली ते टायर पुरेसे दबतच नाहीत. गाडी उसळते आणि ओल्या रस्त्यावरची पकड आणखी घटते. टायरवरचा ‘९६’ हा भारांक म्हणजे एका टायरवर ७१० किलो, आणि जिप्सीला तेवढे भरपूर झाले.

मापाच्या बाबतीत तर तरुण मुलांना माझे कळकळीचे सांगणे आहे. जिप्सीचे मूळ माप २०५/७० आर १५ आहे, म्हणजे रुंदी २०५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ७० टक्के आणि आतली रिम १५ इंचांची. टायरचा व्यास ६६८ मिलिमीटर भरतो. त्याऐवजी बोलेरोचे २१५/७५ आर १५ बसवले, तर व्यास सुमारे ७०३ मिलिमीटर, म्हणजे पाच टक्क्यांनी मोठा होतो. एवढे एक वेळ चालते, मात्र पूर्ण स्टिअरिंग वळवून आणि स्प्रिंगचे पाटे पुरते दबलेले असताना टायर कुठे घासत नाही ना, हे तपासावे. पुष्कळजण रुबाबासाठी २३५/७५ आर १५ बसवतात. ते जवळजवळ दहा टक्क्यांनी मोठे आहेत. काटा साठ दाखवतो तेव्हा गाडी सहासष्टच्या वेगाने धावत असते. १.३ लिटरच्या, ८० अश्वशक्तीच्या इंजिनाला प्रत्येक गिअर जड होतो, ज्या चढावर दुसरा गिअर पुरत होता तिथे पहिला टाकावा लागतो, आणि उतारावर तेवढ्याच ब्रेकना मोठे, जड चाक थांबवावे लागते. जमिनीपासूनची उंची या साऱ्या खटाटोपात वाढते ती तेहतीस मिलिमीटरच.

दोन टायर नवे आणि दोन जुने ठेवून पैसे वाचवण्याची रीतही या गाड्यांत महाग पडते. फोर-व्हील लावल्यावर जिप्सीचे पुढचे आणि मागचे शाफ्ट एकत्र जखडले जातात व सारख्याच गतीने फिरतात. नव्या टायरची नक्षी दहा मिलिमीटर आणि जुन्याची तीन असेल, तर व्यासात चौदा मिलिमीटरचा, म्हणजे दोन टक्क्यांचा फरक पडतो. दर किलोमीटरला वीस मीटरची ही तफावत चिखलात चाके घसरून भरून निघते. टणक डांबरी रस्त्यावर ती ट्रान्स्फर केसच्या, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या पेटीच्या, गिअरांवर ताण देते. म्हणून पाचही टायर एकाच मापाचे, एकाच नक्षीचे घ्यावेत आणि स्टेपनीलाही आळीपाळीने रस्त्यावर आणावे. माझी जुनी स्टेपनी नऊ वर्षे मागच्या दारावर ऊन खात होती. ती मी त्याच वेळी बाद केली.

पाच टायर एकदम घेणे शेतकऱ्याला जड जाते, याची मला जाणीव आहे. सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा वस्तू व सेवा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला, हा मोठाच दिलासा आहे. त्याच्या जोडीला दोन गोष्टी व्हाव्यात, अशी विनंती आपल्या दैनिकामार्फत करतो. पहिली, टायरच्या बिलावर निर्मितीचा आठवडा आणि वर्ष लिहिणे विक्रेत्यांना बंधनकारक करावे. दुसरी, ओल्या रस्त्यावरील पकडीची श्रेणी ग्राहकाला दुकानातच दिसावी. युरोपीय संघात टायरच्या लेबलवर ती ‘ए’ ते ‘ई’ अशी छापलेली असते. आपल्याकडेही या पकडीचे किमान निकष आता लागू झाले आहेत, म्हणजे चाचणी होतेच. तिचा निकाल टायरवर चिकटवायला फारसा खर्च येऊ नये. तोपर्यंत गिऱ्हाइकांनी दुकानात मोबाइलची बॅटरी लावून ते चार आकडे स्वतः वाचावेत आणि टायर वर्षभरापेक्षा जुना निघाला तर दुसरा मागावा. मी या वेळी तसेच केले; दुकानदाराने आतून चार महिन्यांपूर्वीचे पाच टायर आणून दिले, आणि तेही त्याच किमतीत.

आपला नम्र,
एक जिप्सीधारक शेतकरी
पाटण, जि. सातारा