मंत्रिमहोदय, नवे ॲप नको, आहे ती वेबसाइट मोबाइलवर चालू द्या

प्रति,
माननीय माहिती तंत्रज्ञान मंत्री

महोदय,
सविनय नमस्कार.

सरकारी वेबसाइट मोबाइलवर नीट चालत नाहीत, ही तक्रार आपल्याला नवी नाही. तिच्यावर बहुतेक वेळा जो उपाय निवडला जातो, त्याबद्दल हे पत्र आहे. तक्रारी वाढल्या की एखादा विभाग नवे ॲप काढतो, नाहीतर ‘मोबाइल आवृत्ती’ म्हणून दुसरी छोटी वेबसाइट उभी करतो. वेबसाइट बांधणे हे माझे रोजचे काम आहे. म्हणून कळकळीने सांगतो, आहे तीच वेबसाइट दुरुस्त करता येते आणि तीच केली पाहिजे.

दोन वेबसाइट झाल्या की काय होते, ते पाहा. पहिल्या दिवशी दोन्हीकडे मजकूर सारखा असतो. मग अर्जाची मुदत वाढते. मोठ्या साइटवर तारीख बदलली जाते, छोटीवर बदलायची राहून जाते. मोबाइलवर पाहणाऱ्याला मुदत संपलेली दिसते आणि तो अर्जच करत नाही. असा न आलेला अर्ज कुठल्याच नोंदीत सापडत नाही, त्यामुळे विभागाला आपली चूक कळतही नाही. ॲपची अडचण वेगळी. वर्षातून एकदा लागणाऱ्या दाखल्यासाठी, जागा भरत आलेल्या फोनमध्ये, कोणी ॲप का ठेवावे? शिवाय अँड्रॉइड आणि आयफोन अशा दोन्ही ठिकाणी ते सतत अद्ययावत ठेवावे लागते. त्याची तरतूद संपली की ॲप तिथेच कुजते.

ब्रिटन सरकारने 2012 साली आपली माहिती एका वेबसाइटवर आणायला सुरुवात केली, तेव्हा ती कोणत्याही रुंदीच्या स्क्रीनवर चालेल अशी बांधली. पुढच्याच वर्षी त्यांच्या डिजिटल विभागाने जाहीर केले की, आधी वेबसाइट मोबाइलवर नीट चालवा, ॲपचे नंतर पाहू. त्यांचे स्वतःचे ॲप आले ते कितीतरी वर्षांनी, पाया पक्का झाल्यावर.

यामागचे तंत्रही नवे नाही. वेब डिझायनर ईथन मार्कोट यांनी 2010 मध्ये त्याला ‘रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन’ हे नाव दिले. पान एकच, पत्ता एकच, फक्त स्क्रीनच्या रुंदीप्रमाणे मांडणी बदलते. जुनी वेबसाइट मोबाइलवर मुंगीएवढी दिसते, कारण पानाने काही सांगितले नसेल तर मोबाइलचा ब्राउझर ते साधारण 980 पिक्सेल रुंद आहे असे धरून चालतो आणि सगळे आक्रसून दाखवतो. पान फोनच्या खऱ्या रुंदीप्रमाणे दाखव, असे ब्राउझरला सांगणारी ‘व्ह्यूपोर्ट’ची एक ओळ घातली की हे थांबते. पण खरे काम तिथूनच सुरू होते. ठरावीक रुंदीचे रकाने स्क्रीनबाहेर जातात, माउस नेल्यावर उघडणारे मेन्यू बोटाने उघडत नाहीत, आठ रकान्यांच्या तक्त्यातला शेवटचा रकाना कुणाला दिसतच नाही. ज्यांची सगळी मांडणीच तक्त्यांत तक्ते घालून केलेली आहे, अशा फार जुन्या साइटचे साचे नव्याने लिहावे लागतील. त्याला वेळ लागेल आणि तो द्यावा. मात्र पानांचे पत्ते बदलू देऊ नका. लोकांनी जपून ठेवलेल्या लिंक त्यामुळे बंद पडतात.

आता माझी मुख्य विनंती. या कामाची सुरुवात मुखपृष्ठापासून होऊ नये. मुखपृष्ठावरची सरकती छायाचित्रे मोबाइलवर सुंदर दिसली म्हणून कुणाचे काम होत नाही. काम अडते ते अर्जात. मोबाइल नंबरच्या रकान्याला हात लावला तर आकड्यांऐवजी अक्षरांचा कीबोर्ड उघडतो. जन्मतारखेसाठी कॅलेंडरमध्ये एकेक महिना मागे जात वृद्ध माणसाला कित्येक दशके ओलांडावी लागतात. ओटीपी पाहायला मेसेजमध्ये जाऊन परत यावे, तर पान पुन्हा कोरे झालेले असते. फोटो काही केबींच्या आतच हवा असतो आणि फोनचा कॅमेरा काढतो काही एमबींचा. तो लहान करून घ्यायचे काम ब्राउझरमध्येच होऊ शकते, तरी ते नागरिकावर टाकले जाते. ‘सादर करा’ हे बटण तळाशी असते आणि चूक सांगणारी लाल ओळ उमटते वर, दृष्टीआड. बटण चालत नाही असे समजून माणूस ते पुन्हा पुन्हा दाबत राहतो. यातली एकही दुरुस्ती अवघड नाही. रकान्यात आकडे येणार, तारीख की अक्षरे, हे ब्राउझरला सांगितले, भरलेली माहिती मधूनमधून जपून ठेवली, चूक सांगणारी ओळ त्या रकान्याशेजारीच दाखवली, की अर्ज पुरा होतो.

मराठी मजकुराकडे तर वेगळे लक्ष हवे. ओळींमधले अंतर इंग्रजीच्या मापाने ठेवले की वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार कापले जातात. युनिकोड, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांना कळणारी अक्षरांची सामाईक पद्धत, नसलेल्या जुन्या फाँटमधला मजकूर मोबाइलवर निरर्थक रोमन अक्षरांत उमटतो. शासनाच्या सूचना स्कॅन करून पीडीएफमध्ये टाकल्या जातात. त्या लहान स्क्रीनवर डावीउजवीकडे सरकवत वाचाव्या लागतात आणि ज्यांना दिसत नाही त्यांचा फोन त्या वाचून दाखवू शकत नाही. सूचना साध्या मजकुरात, पानावरच द्याव्यात. पीडीएफ सोबत असायला हरकत नाही.

‘मोबाइलस्नेही असावी’ एवढेच निविदेत लिहिले, तर कंत्राटदार कार्यालयातल्या मोठ्या स्क्रीनवर ब्राउझरची खिडकी लहान करून दाखवतो आणि काम मंजूर होते. त्याऐवजी मोजता येईल अशी अट घाला. वेब सुलभतेच्या, म्हणजे अपंगांसह सर्वांना वेबसाइट वापरता यावी यासाठीच्या, आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत ती तयार आहे. 2018 च्या आवृत्तीनुसार, काही अपवाद सोडता, 320 पिक्सेल रुंदीत पान आडवे न सरकवता वाचता आले पाहिजे. 2023 च्या आवृत्तीत बटण किमान 24 पिक्सेलचे असावे किंवा त्याभोवती तेवढी मोकळी जागा असावी असे म्हटले आहे. माझ्या मते बोटासाठी याहून मोठे बटण हवे, पण निदान इतके तरी असू द्या. तपासणी स्वस्त फोनवर आणि संथ नेटवर करा. ज्यांनी ती साइट कधीच पाहिलेली नाही, अशा नागरिकांच्या हाती फोन द्या. त्यांचा अर्ज कुणाच्या मदतीशिवाय पावतीपर्यंत पोहोचला, तरच शेवटचा हप्ता द्या.

कोणते अर्ज सर्वांत जास्त उघडले जातात आणि कोणते अर्धवट सोडले जातात, याची नोंद आपल्याच सर्व्हरवर निघू शकते. ती प्रत्येक विभागाकडून मागवा, यादी जाहीर करा आणि त्या क्रमाने काम सुरू करा, एवढीच विनंती.

कळावे.

आपला नम्र,
एक वेब डेव्हलपर