जपानला निघताना

महोदय,

पुण्यात जपानी शिकून नोकरीला जाणाऱ्या मुलांची तयारी बहुधा व्हिसापाशीच थांबते. नारिता, हानेदासारख्या विमानतळांवर रहिवासी कार्ड हातात मिळते, पण त्यावर पत्ता नसतो. घरात राहायला लागल्यापासून १४ दिवसांत ते घेऊन स्थानिक नगरपालिकेत जावे. पत्ता कार्डाच्या मागे नोंदवून देतात. त्याशिवाय बँक खाते, मोबाईल, सगळेच अडते. ९० दिवस टाळाटाळ केली तर राहण्याचा परवानाच रद्द होऊ शकतो. पुढे घर बदलले की पुन्हा तेच १४ दिवस.

आणि आईने बॅगेत घातलेल्या सर्दीच्या गोळ्यांचे पाकीट उलटून जरूर वाचा. स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांहून जास्त असलेले औषध जपान सरकारची आगाऊ परवानगी घेतल्याशिवाय तिथे नेता येत नाही, डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी!

— जपानी भाषेचा एक शिक्षक, पुणे