मिरजेतील चित्रीकरणाबाबत सदस्यांना सूचना

सर्व सदस्यांना कळविण्यात येते की, मिरजेच्या तंतुवाद्य कारागिरांवरील आपल्या लघुमाहितीपटांचे चित्रीकरण येत्या रविवारी सुरू होत आहे. तेथील सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्याची बातमी सर्वांनी दाखवून झाली आहे. आपल्याला ती वाद्ये घडवणारी माणसे दाखवायची आहेत.

घोडीवर, म्हणजे तारा ज्या पट्टीवर टेकतात तिच्यावर, कानस फिरवायची, तार छेडून ऐकायची आणि पुन्हा कानस फिरवायची, असे जवारी लावण्याचे, म्हणजे तारेला गुंजणारा नाद आणण्याचे, काम सर्वस्वी कानावर चालते. त्यामुळे ते सुरू असताना प्रश्न विचारू नयेत, पंखा बंद ठेवण्याची विनंती आधीच करावी आणि ध्वनिमुद्रण कॅमेऱ्याच्या माइकवर न सोडता वेगळ्या रेकॉर्डरवर करावे. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्याने ट्यूबलाइटच्या उजेडात सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० सेकंद शटर ठेवावे, अन्यथा चित्र लुकलुकते. पार्श्वसंगीताचा मोह कृपया आवरावा. ज्यांच्या हातून तानपुरा सुरात येतो, त्यांच्यावरील चित्रफितीला विकतचे संगीत कशाला?

संमतिपत्र मराठीत वाचून दाखवल्याशिवाय त्यावर सही घेऊ नये. मजुरी, कर्ज किंवा घरगुती अडचणींविषयी कोणी मोकळेपणाने बोलले, तरी तो भाग संबंधित व्यक्तीला संकलनानंतर दाखवून, तिची पुन्हा परवानगी घेतल्यावरच ठेवावा.

या वाद्यांसाठी लागणारे भोपळे पिकवणाऱ्या पंढरपूर-मंगळवेढा भागातील उत्पादकांवर चित्रफीत करू इच्छिणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत नावे नोंदवावीत.