आई, काठी डाव्या हातात घे

ती. आई-बाबा,
सा. न.

आई, आधी तुझी काठी उजव्या हातातून डाव्या हातात घे. दुखतोय उजवा खुबा, म्हणून आधारही उजवीकडेच हवा असं कुणालाही वाटेल. पण उजव्या पायावर उभं राहिलं की कंबर कलू नये म्हणून खुब्याबाहेरचे स्नायू जोरात ओढतात, आणि त्या ओढीमुळेच चालताना सांध्यावर आपल्या वजनाच्या अडीच-तीन पट भार येतो. डाव्या हातातली काठी ती ओढ हलकी करते. हात सैल सोडलास की काठीची मूठ मनगटाशी यायला हवी. तुझी बरीच उंच आहे.

दिवाळीत गोदापार्कला मी तुमच्या मागून चालत होते. आई, तुझं उजवं पाऊल टेकतं न टेकतं तोच डावं घाईने पुढे पडायचं. धडधाकट माणसाचा पाय एकदा टेकल्यापासून पुन्हा टेकेपर्यंतच्या वेळापैकी साधारण ६० टक्के वेळ जमिनीवर असतो. दुखऱ्या पायावर शरीर तेवढा वेळ थांबूच देत नाही. तू उजवीकडे झुकतेस तेही खुब्यावरचा ताण कमी करायलाच. लोक 'झुलत चालते' म्हणोत, तू जबरदस्तीने ताठ चालू नकोस.

बाबा, तुमचं वेगळं आहे. थोडं चाललात की पोटऱ्या भरून येतात, कट्ट्यावर बसलात की पाच मिनिटांत मोकळ्या होतात. मॉलमध्ये ट्रॉलीवर रेलून मात्र तुम्ही माझ्यापेक्षा जास्त फिरता. पांडवलेणीच्या पायऱ्या चढताना बोलत होतात आणि उतरताना गप्प झालात, हे मी पाहिलंय. मला वाटतं, हे मणक्याचं आहे. पुढे वाकलं की मणक्यातली नसांची जागा थोडी मोकळी होते, ताठ झालं की आवळते. उतारावर तर माणूस आपोआप मागे कलतो. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या तरी पोटऱ्या अशाच दुखतात, पण मग नुसतं उभं राहूनही बरं वाटतं. तुम्हाला शुगर आहे, म्हणून डॉक्टरांना पावलांतली नाडी बघायला सांगायचीच.

डाव्या पायातली चप्पल निसटते आणि बोटं उंबऱ्याला अडतात, ते मात्र मला अजिबात आवडलं नाही. कमरेतली नस दबली तर पाऊल वर उचलायची ताकद कमी होते. भिंतीला हात धरून टाचांवर चार पावलं टाकून बघा आणि डावं पाऊल खाली पडतं का ते मला फोनवर सांगा. लघवी अडली, बसायच्या जागी बधिर वाटलं किंवा दोन्ही पायांतलं बळ गेलं, तर माझी वाट न बघता त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठा.

'वय झालं' एवढं म्हणून तुम्ही दोघांनी गंगेवर, आपल्या गोदाकाठी, जाणंच सोडलंत, याचं मला फार वाईट वाटतं. चालणं सुटलं की स्नायू आणखी कमजोर होतात.

शनिवारी सकाळी येतेय, हाडांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. जुन्या चपला टाकू नका; तळ कुठे झिजलाय ते त्यांना दाखवायचंय. तोवर आई, जिना चढताना आधी डावा पाय, उतरताना आधी काठी आणि उजवा. कठडा सोडू नकोस.

तुमची,
ताई