चारपैकी एक मत कामाला द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

15 जानेवारी 2026 ला आमच्याकडे मनपाचं मतदान आहे. पुण्यात 2017 च्या फेब्रुवारीनंतर आत्ता होतंय, आणि आमच्यासाठी तर पहिलंच, कारण सिंहगड रोडच्या पुढचं आमचं गाव 2021 ला महापालिकेत आलं, ग्रामपंचायत गेली, आणि मार्च 2022 पासून तर सगळ्या शहरावरच प्रशासक, म्हणजे नगरसेवक कसा असतो ते आमच्या गावानं अजून बघितलेलंच नाही. पूर्वी पाणी नाही आलं की सरपंचाच्या दारात जाऊन बसायचो, नंतर जायचं कुठे तेच कळेना.

त्या काळात दार उघडं होतं ते आमच्या एका ताईंचं. नाव लिहीत नाही, आत्ता पेपरात एकीचंच नाव आलं तर बाकीच्यांवर अन्याय होईल, आणि आमच्या गल्लीत नाव सांगायची गरजही नाही. पूर्वी आशा वर्कर होत्या, आता अपक्ष उभ्या आहेत.

गेल्या वर्षी, 2025 च्या जानेवारीत इकडे जीबीएसची (गिया-बारे सिंड्रोम, हातापायातली ताकद जाणारा नसांचा आजार) साथ आली ते सगळ्यांना आठवत असेल, नांदेड, किरकटवाडी, धायरी हीच नावं रोज टीव्हीवर, पुणे परिसरात दोनशेच्या वर पेशंट झाले. बाहेरगावचे पाहुणे आमच्या घरी पाणी प्यायला घाबरायचे. तेव्हा ताई पाण्यातलं क्लोरीन तपासायचं ओटी (ऑर्थोटोलिडीन) टेस्टचं किट घेऊन घरोघर फिरायच्या. काचेच्या छोट्या नळीत नळाचं पाणी घ्यायचं, वरून ओटीचे थेंब टाकायचे, पिवळं झालं तर पाण्यात क्लोरीन आहे. आमच्या किचनच्या नळाचं पाणी जसंच्या तसं राहिलं, जरासुद्धा पिवळं नाही. ताईंनी ती नळी खिडकीपाशी उजेडात धरली आणि माझ्या सासूबाईंना म्हणाल्या, आजी हे बघा नीट, आज उकळल्याशिवाय घोटभर पण पिऊ नका. मग वहीत तारीख, वेळ, घर नंबर, पिवळं की नाही, सगळं लिहिलं. अशी चाळीसेक घरांची यादी घेऊन त्या तीन वेळा महापालिकेच्या ऑफिसात गेल्या, दोनदा मी पण होते बरोबर, तिसऱ्या खेपेनंतर टाकीवर माणूस आला आणि दुसऱ्या दिवशी पाण्याला क्लोरीनचा वास आला. त्या वासाचा एवढा आनंद होईल असं कधी वाटलं नव्हतं. शेजारच्यांचा मुलगा ॲडमिट होता, पायातली ताकद गेलेली, त्याच्यासाठी महापालिकेच्या शहरी गरीब योजनेचे (उपचाराच्या खर्चाला मदत मिळते ती) कागद ताईंनीच धावपळ करून जमवले. आज तो चालतोय.

आता प्रचारात पण त्यांची रिक्षा नाही की भोंगा नाही. सकाळी पाणी सुटायच्या वेळेला येतात, बायका सगळ्या बाहेरच असतात, तिथेच उभ्या उभ्या बोलतात, एक साधं पत्रक देतात. त्यात पाण्यावर भरपूर आहे पण कचऱ्यावर दोनच ओळी, हे मला पटलं नाही आणि मी तोंडावर सांगितलं, तर त्यांनी तीच वही काढून लिहून घेतलं.

लोक म्हणतात काम चांगलं आहे हो, पण अपक्ष आहे, मत वाया जाईल. हेच ऐकून मी पत्र लिहायला बसले. अहो, आमच्या प्रभागात चार जागा आहेत, अ ब क ड, प्रत्येक जागेला एक अशी चार मतं प्रत्येकाला द्यायची आहेत, आणि चारही एकाच पक्षाला द्या असा कुठलाही नियम नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना तर वाटतं एक चिन्ह पकडायचं आणि तेच चारदा दाबायचं. त्यांना कुणीतरी बसून समजावून सांगायला हवं. तीन मतं द्या ना तुमच्या पक्षाला, माझे मिस्टर पण तेच करणार आहेत, एक मत मात्र चार वर्षं कोण आलं होतं ते आठवून द्या. आणि एकटी काय करणार म्हणता, तर खुर्ची नसताना एकटीनं काय केलं ते वर लिहिलंच आहे.

13 तारखेला संध्याकाळी प्रचार थांबेल. त्याआधी बाकीच्या उमेदवारांनीही एकदा सकाळी पाणी सुटायच्या वेळेला आमच्या गल्लीत यावं, बायकांना खूप विचारायचं आहे.

आपली,
एक मतदार, सिंहगड रोड परिसर, पुणे